लेहमधला नळ

ऐन जानेवारीत लेहला निघालेय म्हटल्यावर ऑफिसात पहिला प्रश्न आला, ‘चादर ट्रेक?’ नाही. दुसरा, ‘हनीमून?’ मुळीच नाही. शिल्लक सुट्ट्या मार्चअखेरीस लॅप्स होणार होत्या आणि जूनमधलं बुलेटवाल्यांनी गजबजलेलं लेह आधीच बघून झालं होतं. तेच गाव रिकामं असताना कसं दिसतं, एवढीच खाज होती. टीम लीडने ‘चिल मार’ म्हणून रजा मंजूर केली. चिल म्हणजे काय ते त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

दिल्लीहून सकाळच्या विमानाने लेहला उतरलात की आधी ऊन लागतं. लख्ख, डोळे दिपवणारं. मग सावलीत पाऊल पडतं आणि नाकातले केस कडक होतात. उंची साडेअकरा हजार फूट. त्यामुळे पहिले दोन दिवस गुपचूप पडून राहायचं, हिरोगिरी करायची नाही, हे उन्हाळ्यासारखंच हिवाळ्यातही लागू. मी उतरले होते चांगस्पात, शांती स्तूपाच्या पायथ्याशी. जूनमध्ये इथे बसायला खुर्ची मिळत नाही. आता कॅफेंची शटर्स खाली, पॉप्लरची झाडं नुसत्या काड्या, आणि गल्लीत मी नि एक केसाळ कुत्रा.

होमस्टेच्या मालकीणबाई साठीच्या पुढच्या. लडाखीत आईला म्हणतात आमा, आणि ‘ले’ म्हणजे आपला ‘जी’. तर या आमा-ले. वरच्या मजल्यावरची अटॅच्ड बाथरूमवाली फोटोतली खोली त्यांनी दाखवली आणि लगेच कुलूप घातलं. ‘सब खाली किया,’ म्हणाल्या. नोव्हेंबरात तिथल्या नळांच्या तोट्या उघडून पाइप आणि गीझर पार रिकामे करतात, ते थेट वसंतात भरतात. पाइपात पाणीच नसेल तर गोठणार काय? हिवाळ्यात जी हॉटेलं उघडी असतात त्यातही बऱ्याच ठिकाणी हाच हिशोब, आंघोळीला गरम पाण्याची बादली. तेव्हा बुकिंग करताना व्ह्यू विचारू नका, पाणी विचारा.

आणि हो, तो विषय. घरात पारंपरिक लडाखी कोरडा संडास होता. जमिनीला एक भोक, खाली बंद खोली, कोपऱ्यात मातीचा ढीग आणि फावडं. काम झालं की फावडंभर माती लोटायची. वास नाही, फ्लश नाही, आणि खालचा माल पुढे शेतात खत म्हणून जातो. पहिल्या दिवशी मी नाक मुरडलं. तिसऱ्या दिवशी मला तो घरातला सगळ्यात शहाणा भाग वाटायला लागला.

घरात चालू नळ एकच, स्वयंपाकघरातला. मधोमध बुखारी, भिंतीवर तांब्या-पितळेची चकचकीत भांडी, आणि कोपऱ्यात हा नळ. दुपारी ऊन असताना बोअरवेलचं पाणी वरच्या टाकीत चढवायचं, आणि टाकीतून एक लोखंडी पाइप खाली यायचा. त्यातला हातभर तुकडा उत्तरेच्या भिंतीबाहेरून वळसा घेऊन आत शिरायचा. त्या भिंतीला हिवाळ्यात ऊन म्हणून दिसत नाही.

तिसऱ्या रात्री मला तहान लागली. मोबाइलच्या उजेडात स्वयंपाकघरात गेले, तर नळातून दोऱ्याएवढी धार चालू. खाली मोठं पातेलं. मी वाकडची. आमची सोसायटी उन्हाळ्यात टँकरवर चालते आणि कुणाचा नळ ठिबकला तरी ग्रुपवर फोटो पडतो. बिचाऱ्या आमा-ले, विसरल्या असतील! मी तोटी घट्ट पिळली आणि पुण्य कमावल्याच्या आनंदात रजईत शिरले. बाहेर उणे १८ होतं.

सकाळी नळ मुका.

आमा-लेंनी तोटी सोडली, कान लावला, मग माझ्याकडे बघितलं. मी कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत. ‘चलता पानी सोता नहीं,’ एवढंच म्हणाल्या. लेहमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं ते पाहुणीला सांगावं लागेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. वर त्या पातेल्यातल्या पाण्याचाच सकाळचा चहा व्हायचा. म्हणजे मी वाचवलं काय, तर शून्य.

शाळेत शिकलेलं आठवा. पाण्याचा बर्फ झाला की तो साधारण ९ टक्के जास्त जागा मागतो. पण पाइप बऱ्याचदा बर्फाच्या नुसत्या रेट्याने फुटत नाही. बर्फाचा बूच वाढत जातो आणि बूच ते बंद नळ यांच्यामध्ये अडकलेल्या पाण्यावर प्रचंड दाब येतो. त्या पाण्याला पळायला वाट नसते, म्हणून पाइप जिथे कमजोर तिथे उसवतो. बारीक धार हीच ती वाट. वाहतं पाणी गोठायला वेळही जास्त घेतं. मी तोटी पिळून दोन्ही सोयी एकदम बंद केल्या होत्या.

शेजारचा मुलगा मदतीला ब्लोटॉर्च घेऊन आला. आमा-लेंनी त्याला दारातूनच परत पाठवला. भिंतीत लाकूड, छतात गवत. शिवाय आगीने पाइपातल्या पाण्याची वाफ झाली तर आणखी पंचाईत. त्यांची पद्धत सबुरीची. आधी तोटी पूर्ण उघडी. मग गरम पाण्यात पिळलेली फडकी नळाच्या बाजूने गुंडाळत गुंडाळत मागे सरकायचं, म्हणजे वितळलेलं पाणी पुढून निघून जातं. मधूनच सुरुवात केली तर ते दोन बर्फांच्या मध्ये अडकतं. दीड तास आम्ही फडकी बदलत होतो. बाहेरच्या बाजूला माझी बोटं बधिर, आतल्या बाजूला आमा-लेंची भाजलेली.

मग नळ खोकला, थुंकला, आणि पाणी आलं. मी टाळ्या वाजवल्या. त्याच क्षणी बाहेर ‘फिस्स’! वळशाजवळ बोटभर चीर. फुटलेला पाइप गोठलेला असेपर्यंत साळसूद असतो, बर्फच त्याचं बूच असतं. बर्फ वितळला की खरं कळतं. आमा-ले या वयात जिना चढून धावल्या आणि टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. खालच्या अंगणात तेवढ्यात पडलेल्या पाण्याची संध्याकाळपर्यंत काच झाली.

त्यांचा नेहमीचा प्लंबर बिहारचा. थंडी पडली की तो गावी जातो आणि वसंतात परततो. म्हणजे आता घरात नळ नाही. किती दिवस? आमा-लेंनी बोटं मोजली आणि मोजणं सोडून दिलं.

उरलेले पाच दिवस मी साइटसीइंग केलं नाही. गल्लीच्या टोकाच्या हातपंपावर वीस लिटरचे कॅन घेऊन जायचं, पंपावर आधी किटलीभर गरम पाणी ओतायचं, मग हापसायचं. रोज चार कॅन, घरात माणसं चार, म्हणजे माणशी वीस लिटर. आपल्याकडे शहराच्या पाण्याचा सरकारी हिशोब माणशी १३५ लिटरचा असतो. बर्फावरून कॅन उचलून आणताना त्या १३५मधला एकेक लिटर डोळ्यांपुढे यायचा. पंपावरच्या बायकांना माझी कर्तबगारी कळली होतीच. ‘पूनावाली’ म्हणून हसायच्या आणि माझा कॅन आधी भरू द्यायच्या. माझा डोळा मात्र आमा-लेंच्या गुडघ्यांवर. मी गेल्यावर हे कॅन कोण आणणार होतं?

संध्याकाळी बुखारीपाशी त्यांच्या कॉलेजातल्या नातीने बर्फाच्या स्तूपांची गोष्ट सांगितली. सोनम वांगचुक आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३-१४च्या हिवाळ्यात पहिला करून बघितला. वरच्या ओढ्याचं पाणी पाइपातून खाली आणायचं, त्याच्याच दाबाने ते कारंज्यासारखं उडतं आणि पडता पडता गोठतं. त्याचा सुळका होतो. सुळक्याला ऊन कमी लागतं, म्हणून तो सावकाश वितळतो आणि पेरणीच्या टंचाईत शेताला पाणी मिळतं. मग ती हळूच म्हणाली, ‘पण दीदी, रात्री त्या पाइपातलं पाणी थांबलं ना, की तिथेही तुमच्यासारखंच होतं.’

निघताना मी दुरुस्तीचे पैसे पुढे केले. आमा-लेंनी मोजून घेतले. बरं झालं. नको म्हणाल्या असत्या तर मला पुन्हा तोंड दाखवता आलं नसतं. माझी जांभळी फ्लीस मात्र मी मुद्दाम खुंटीवर ठेवून आले.

एप्रिलमध्ये नातीने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. प्लंबर आला होता. भिंतीवर नवा पाइप, त्याभोवती गोणपाट, आणि वळशाच्या जागी सुतळीने आवळून बांधलेली जांभळी फ्लीस.