पाली रस्त्यावरचे दोन दिवस

गोष्ट २०२४ च्या दिवाळीच्या सुटीतली आहे, पण तिचे मूळ २०२३ च्या जुलैत आहे. त्या जुलैत नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला कधी नव्हे तो भाव आला आणि त्या भरात मी मुलांना शब्द देऊन बसलो, ‘दिवाळीला खोपोलीच्या इमॅजिकात मोठे पाळणे बघायला जाऊ.’ पुढे पैसे हाती आले ते विहिरीचा गाळ काढायला आणि नव्या पंपाला गेले. दिवाळी तशीच गेली. शेतकऱ्याच्या घरात बँकेचे देणे आधी फिटते, दुकानदाराचे मग, आणि मुलांना दिलेला शब्द सगळ्यात शेवटी.

पुढच्या दिवाळीला मात्र आमच्या सौभाग्यवतींनी परस्पर ठरवून टाकले. “जायचे तर देवदर्शनही होईल,” असे म्हणून तिने आबांनाही तयार केले. त्या बाजूला अष्टविनायकांतले दोन गणपती आहेत. महडचा वरदविनायक आणि पालीचा बल्लाळेश्वर. आणि हे करमणुकीचे ठिकाण बरोबर खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर, खालापूर तालुक्यात सांगडेवाडीला आहे. पाळणे आणि देव एका खेपेत होतात म्हटल्यावर आबांनी धोतर-टोपी इस्त्रीला दिली.

मेहुण्याची जीप घेऊन आम्ही पहाटे चारला निघालो. आबा, आम्ही दोघे, अकरा वर्षांचा थोरला आणि सहा वर्षांची धाकटी. चाकण, तळेगाव, लोणावळा असे करत जुन्या रस्त्याने बोरघाट उतरलो, तेव्हा ऊन पडले होते. घाटाखाली खोपोलीच्या डोंगरावरून उतरणारे ते जाडजूड नळ आबांनी मुलांना दाखवले. टाटांचे हे वीजघर १९१५ सालचे. लोणावळ्याच्या बाजूला तलावांत साठवलेले पावसाचे पाणी या नळांतून खाली सोडायचे आणि त्याच्या जोरावर चाके फिरवायची. पाणी काही काम करत नाही, उंची काम करते, असे आबा म्हणाले. हे वाक्य त्या दिवशी पुन्हा उपयोगी पडणार होते.

महडला गर्दी नव्हती. इथे भाविकाला गाभाऱ्यात जाऊन स्वतःच्या हाताने पूजा करता येते. धाकटीने दूर्वा वाहिल्या. आत नंदादीप आहे, तो १८९२ पासून तेवत आहे असे सांगतात. दर्शन घेऊन, गाडीतच भाकरी-चटणी खाऊन अकराच्या आत आम्ही पाळण्यांच्या दारात हजर झालो. बाहेरचे खाणे आत नेता येत नाही, हे ठाऊक होते म्हणूनच पोटे भरून घेतली.

पाच तिकिटांचे पैसे मोजताना माझा हात जड झाला, हे लपवत नाही. एका शेळीच्या किमतीच्या जवळपास रक्कम गेली. इमॅजिका २०१३ साली सुरू झाले. मोठ्या पाळण्यांचा एक भाग, लहान मुलांचा एक भाग, पडद्यावरच्या करामती, भुतांचा वाडा, आणि शेजारी पाण्याचे निराळे उद्यान असा सगळा पसारा आहे. पाण्याच्या उद्यानाचे तिकीट वेगळे. आम्ही तिकडे गेलो नाही. एका दिवसात दोन्ही करायला जाणारा दोन्हीकडे नुसता पळतो.

आपल्या एसटीत मुलाचे अर्धे तिकीट वयावर ठरते. इथे पाळण्याच्या दाराशी उंचीची खूण असते. मूल त्याखाली उभे करतात, आणि कमी भरले की कितीही रडले तरी आत घेत नाहीत. ते बरोबरच आहे, कारण खुर्चीवरचा दांडा लहान अंगावर नीट बसत नाही. धाकटी तीन ठिकाणी परत फिरली. चौथ्या ठिकाणी तिला गोल फिरणारे घोडे मिळाले. मग ती तिथून हलेना. पाच वेळा बसली. आम्हाला वाटत होते, एवढे पैसे घालून पोर जत्रेतल्याच घोड्यावर बसते आहे. तिला तसे काही वाटत नव्हते.

असे म्हणतात की, अमेरिकेत वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना असल्याच घोड्यांवर बसवून स्वतः बाकावर बसून राहायचे, आणि आईबापांनीही मुलांबरोबर खेळावे अशी जागा का नसावी, हा विचार त्यांना तिथे सुचला. त्यांचे डिस्नेलँड १९५५ साली कॅलिफोर्नियात उघडले, ते संत्र्यांच्या बागा काढून. पण मला जास्त आवडते ती त्याच भागातली वॉल्टर नॉट या शेतकऱ्याची हकीकत. त्याने १९२० साली खंडाच्या जमिनीवर बोरीसारख्या आंबटगोड फळांची शेती सुरू केली. रस्त्याकडेला टपरी टाकून फळे आणि मुरंबा विकायचा. १९३४ साली मंदीत त्याच्या बायकोने घरच्या लग्नातल्या बशा काढून कोंबडीचे जेवण वाढायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी आठ ताटे गेली. पुढे जेवणासाठी एवढी रांग लागू लागली की, ताटकळणाऱ्या लोकांचा वेळ जावा म्हणून त्याने १९४० साली शेतावर जुन्या काळचे लाकडी गाव उभे केले. त्यातून वाढत वाढत ते मोठे करमणुकीचे ठिकाण झाले, आणि आजही ते नॉटचे शेत म्हणूनच ओळखले जाते. हुरडा पार्टी करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी ही हकीकत ध्यानात ठेवावी.

दुपारी आम्ही राजासॉरस नावाच्या पाण्यातल्या सफरीत बसलो. होडीतून जाताना अंधारात राक्षसी सरडे अंगावर येतात आणि शेवटी उतारावरून होडी पाण्यात आदळते. धाकटीला तिथेही बंदी, म्हणून सौ. तिला घेऊन बाहेर थांबली. राजासॉरस हा कल्पनेतला प्राणी नव्हे बरे. त्याची हाडे गुजरातेत, तेव्हाच्या खेडा जिल्ह्यातल्या राहियोली गावाजवळ सापडली आणि २००३ साली त्याला हे नाव मिळाले. खेडा आपल्याला दुधामुळे ठाऊक. तिथल्या जमिनीत असले जनावर निघाले, हे ऐकून आबा म्हणाले, “त्याला वैरण काय घालत असतील?” थोरल्याने सांगितले की ते मांसाहारी होते. आबा म्हणाले, “मग परवडले नसते.”

आबांना सगळ्यात आवडली ती भारतदर्शनाची जागा. मोठ्या पडद्यासमोर खुर्चीला पट्ट्याने बांधून बसवतात आणि आपण हवेतून देशावरून उडत आहोत असा भास होतो. आबांनी आयुष्यात विमान पाहिले ते शेतात उभे राहून. बाहेर आल्यावर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “वरून बांध दिसत नाहीत रे.” आमच्या चुलत्यांशी बांधावरून बारा वर्षे बोलणे बंद आहे. मी काही उत्तर दिले नाही.

आता नायट्रोची गोष्ट. हाच तो मोठा पाळणा, ज्याच्यासाठी थोरल्याने वर्षभर डोके खाल्ले होते. उंची सुमारे १३० फूट, वेग ताशी १०५ किलोमीटर, आणि पायाखाली फळी नाही, पाय लोंबकळत राहतात. वाटेत माणूस पाच वेळा उलटा होतो. लांबून आम्ही पाहत होतो, तेव्हा चढावर ‘टक टक टक’ असा आवाज येत होता. आबांनी तो बरोबर ओळखला. रहाट उलटा फिरू नये म्हणून दात्यात पडणारी लोखंडी जीभ असायची, तिचा असाच आवाज असे. तिथल्या एका पोराला विचारले, तर तेच निघाले. साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते, आणि साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून खाली दाते असतात. माथ्यावर गेल्यावर गाडी मोकळी सुटते. पुढे तिला इंजिन नाही, काही नाही. म्हणून पुढचा प्रत्येक चढ पहिल्यापेक्षा ठेंगणा ठेवावा लागतो. खोपोलीच्या नळांचेच तत्त्व. थोरला मान डोलवत होता, पण त्याचे लक्ष वर, किंकाळ्यांकडे होते.

उंचीत तो बसला. आम्ही दोघे रांगेत लागलो. पाऊण तास गेला. पुढे तीनचार ओळी उरल्या असतील, तेव्हा तो म्हणाला, “पप्पा, माझे पोट दुखते.” मी म्हटले, काही दुखत नाही. तो म्हणाला, “मला नाही बसायचे.”

इथे माझे चुकले. माझ्या डोळ्यांपुढे तिकिटाचे पैसे होते, आणि मागे उभे असलेले लोक ऐकत होते. मी म्हटले, “वर्षभर माझा जीव खाल्लास, सगळ्या वर्गाला सांगून ठेवलेस, आणि आता भित्र्यासारखा मागे फिरतोस?” आणि दंड धरून त्याला पुढे ओढले. त्याने कठड्याला मिठी मारली. रडला, पण आवाज न करता. तिथल्या पोराने शांतपणे बाजूचे फाटक उघडले आणि म्हणाला, “काका, रोज होते असे. राहू द्या.” थोरला खाली मान घालून आबांकडे निघून गेला.

मी मात्र हट्टाने बसलो. निदान एकाचे तरी पैसे वसूल व्हावेत! वाचकहो, काय सांगू? साखळी वर ओढत होती तोवर मी धीर धरून होतो. माथ्यावरून सुटलो तो डोळे मिटले, ते गाडी थांबेपर्यंत उघडले नाहीत. उतरल्यावर गुडघे असे लटपटत होते की, पायऱ्या उतरताना कठडा धरावा लागला. त्याच कठड्याला पोराने मिठी मारली होती. बाहेर सौ.ने विचारले, “अहो, कसे वाटले?” मी म्हटले, “ठीक.” थोरला माझ्याकडे बघतही नव्हता.

ज्यांना मुलांना घेऊन जायचे आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून ठेवतो. शनिवार-रविवार आणि ऐन सण टाळावा. तिकिटाचे दर दिवसाप्रमाणे बदलतात, ते आधी फोनवर पाहावेत. मुलाच्या हातावर आपला नंबर पेनाने लिहावा. चपला नकोत, बूट घालावेत. मुलांची उंची घरीच मोजून कोणते पाळणे मिळणार ते त्यांना आधी सांगावे, म्हणजे दाराशी रडारड होत नाही. म्हातारे माणूस बरोबर असेल तर सावलीची जागा आधी हेरावी. आणि मोठ्या पाळण्यासाठी भरल्या पोटी जाऊ नये.

रात्री पालीला भक्तनिवासात उतरलो. सकाळी दर्शन घेतले. मंदिर दगडी आणि पूर्वाभिमुख आहे. तिथली मोठी घंटा वसईची, १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांवर विजय मिळवल्यावर आणलेली, असे सांगतात. मंडपात बसून आबांनी धाकटीला बल्लाळाची गोष्ट सांगितली. बल्लाळ हा कल्याण वाण्याचा लहान मुलगा. तो गावातल्या पोरांना रानात नेई आणि एका दगडाला गणपती मानून सगळे पूजेचा खेळ मांडत. खेळात पोरे तहानभूक विसरत, घरी यायला उशीर होई. गावकऱ्यांनी त्याच्या बापाकडे तक्रार केली. बाप चिडून रानात गेला, मांडलेली पूजा लाथाडली, पोराला मारले आणि झाडाला बांधून ठेवले. मग गणपतीने येऊन त्याला सोडवले, आणि त्याच्या नावाने इथे राहिला.

“मग त्याच्या पप्पांचे काय झाले?” थोरल्याने विचारले. आदल्या दुपारनंतर तो पहिल्यांदाच बोलत होता.

आबांनी माझ्याकडे पाहिले नाही. “ते पुढच्या वेळी सांगतो,” म्हणाले आणि तपकिरीची डबी काढली.

परतताना खोपोलीच्या अलीकडे ते लोखंडी रूळ रस्त्यावरून पुन्हा दिसले. मी जीप थोडी हळू केली आणि थोरल्याला सांगितले की, मी वर गेल्यापासून डोळे मिटून घेतले होते आणि काही म्हणता काही बघितले नाही. “सगळा वेळ?” त्याने विचारले. सगळा वेळ, मी म्हटले. तो आधी गालात हसला, मग मोठ्याने. मग ते त्याने आईला सांगितले, आबांना सांगितले, आणि लोणावळ्याला थांबलो तेव्हा चहावाल्यालाही सांगितले.

सुटी संपून शाळा भरली, तेव्हा त्याने वर्गात काय सांगितले ते मी विचारले नाही. धाकटीने मात्र घरी येताच दाराच्या चौकटीवर कोळशाने आपल्या उंचीची रेघ मारून घेतली. दर महिन्याला ती पाठ टेकून उभी राहते आणि भावाला मोजायला लावते.