बेदाण्याची वेबसाईट हलकी केली, त्याची नोंद

आज फवारणीचं किंवा छाटणीचं काही नाही. आपल्यातले बरेच जण आता गूळ, हळद, बेदाणा, आंबा थेट गिऱ्हाईकाला विकायला लागलेत. कुणाकुणाकडनं वेबसाईटपण करून घेतलीय. तिच्याबद्दल चार गोष्टी.

आमची साईट सांगलीच्या एका पोरानं करून दिली. दिसायला झकास. त्याच्या ऑफिसात वायफायवर पट्‌दिशी उघडायची. पण दिवाळीच्या तोंडावर, जेव्हा बेदाण्याला खरी मागणी असते, तेव्हा फोन यायला लागले. "तुमचं पान उघडतच नाही हो, नुसतं गोल फिरतंय. व्हॉट्सअपवर रेट टाका." ज्यांनी फोन केला ते कळले तरी. जे मुकाट्यानं दुसरीकडं गेले त्यांचा हिशेब कुठं लागायचा? सौद्यात माल लावला की भाव दुसरा ठरवतो. थेट विक्रीत आपण ठरवतो, म्हणून तर हा सगळा खटाटोप. गिऱ्हाईक दारातनंच माघारी जायला लागलं, तर माल परत सौद्यालाच न्यायचा.

त्या पोराला विचारलं तर म्हणाला, साईट नवीन करावी लागेल, आणि आकडा सांगितला. म्हटलं थांब, आधी दुखणं कुठं आहे ते बघू.

पुतणी कॉलेजला आहे. तिनं गुगलचं पेजस्पीड इनसाइट्स उघडून दिलं. फुकट आहे. आपल्या साईटचा पत्ता टाकायचा, ते शंभरपैकी मार्क देतं आणि काय जड आहे ते एकेक करून सांगतं. मोबाईलचे मार्क वेगळे, कॉम्प्युटरचे वेगळे. आपण मोबाईलचेच बघायचे, कारण आपलं गिऱ्हाईक मोबाईलवरच असतं. पानावरची सगळ्यात मोठी गोष्ट अडीच सेकंदाच्या आत दिसावी, असं गुगलचं माप आहे. आमचं पान 46 एमबीचं निघालं! त्यातले बहुतेक एमबी फोटोंचेच.

इथं एक गोम आहे. फोटोचं वजन मेगाबाइटमध्ये मोजतात आणि इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये. एक मेगाबाइट म्हणजे आठ मेगाबिट. म्हणजे 46 एमबी झाले 368 मेगाबिट. गिऱ्हाईकाला सेकंदाला 2 मेगाबिटची रेंज मिळत असेल तर पान पुरतं यायला तीन मिनिटं. ठिबकच्या बारक्या नळीतनं विहीर उपसायला लावल्यासारखं झालं. तीन मिनिटं कोण थांबतंय?

फोटो मोबाईलनं काढले तसेच चढवलेले होते. साधा 12 मेगापिक्सेलचा फोटो 4000 बाय 3000 ठिपक्यांचा असतो, एकेक 3-4 एमबीचा. मोबाईलच्या पडद्यावर तेवढे ठिपके मावतच नाहीत, पण उतरवून मात्र सगळे घ्यावे लागतात. आम्ही रुंदी 1000 वर आणली. उंची आपोआप 750 होते. ठिपके सोळाव्या हिश्श्यावर येतात आणि डोळ्याला फरक कळत नाही. मग वेबपी नावाच्या प्रकारात साठवले. जेपेगपेक्षा ते हलकं पडतं. स्क्वूश म्हणून गुगलचंच फुकटचं साधन आहे, ब्राउझरमध्येच चालतं. डाव्या बाजूला जुना फोटो, उजव्या बाजूला नवा, मधली रेघ सरकवून बघायचं.

आता इथं जरा थांबा. हलकं करायच्या नादात क्वालिटी 40 वर नेऊन बघितली. बेदाणा मळकट दिसायला लागला, हिरवा का पिवळा तेच कळेना. आपल्या मालाची प्रत रंगावरच ठरते. हिरवा बेदाणा जरा काळपट दिसला तर गिऱ्हाईक म्हणणार, मागच्या सालचा आहे. म्हणून 75 च्या आसपास ठेवली. फोटो शंभर-सव्वाशे केबीचा झाला आणि रंग जागेवर राहिला. हे कॉम्प्युटरवाल्या पोराला कळायचं नाही, ते आपणच बघायला पाहिजे. आणि बघताना घरातल्या दोन-तीन मोबाईलवर बघा. प्रत्येकाचा पडदा रंग वेगळा दाखवतो.

वरती फिरणारी पाच फोटोंची पट्टी होती. काढून टाकली. एकच फोटो ठेवला, रॅकवर वाळणाऱ्या बेदाण्याचा. शेडचा व्हिडिओ आपोआप सुरू व्हायचा, तोही काढला. बघायचाय त्यानं दाबून बघावा. चॅटचा एक गोळा कोपऱ्यात उड्या मारायचा. त्याला उत्तर द्यायला बसलंय कोण? गेला. घडातले मणी विरळ केल्याशिवाय उरलेले फुगत नाहीत, हे आपल्याला काय वेगळं सांगायचं.

खालचे फोटो लेझी लोडिंगवर टाकले. म्हणजे माणूस बोटानं खाली सरकवेल तसे येतात, आधी नाही. प्रत्येक फोटोची रुंदी-उंची आधीच लिहून ठेवायला सांगितली. नाहीतर फोटो उशिरा आला की पान खाली ढकललं जातं आणि माणूस फोन नंबर दाबायला जातो तर भलतंच दाबलं जातं. मराठी अक्षराचा फॉन्ट चार जाडींमध्ये घेतलेला होता, दोन पुरतात.

साईट ठेवलेली जागा अमेरिकेत होती. तिथं एकदा निरोप जाऊन यायलाच पाव सेकंद लागतो आणि पान उघडायला असे बरेच हेलपाटे होतात. वर्षाचे पैसे भरायची वेळ आली तेव्हा त्याच भाड्यात मुंबईची जागा मागून घेतली. ते काम त्या पोरानंच केलं, एका दुपारचं होतं.

पान आता दीड एमबीच्या आत आहे आणि पहिल्यांदा दिसतो तो भाग त्याहून बराच कमी. बागेत, जिथं रेंजची एकच काडी असते, तिथं साध्या मोबाईलवर रेट आणि नंबर दोन-तीन सेकंदात दिसतात. मार्क 31 वरनं 88 वर आले. शंभर कशाला पाहिजेत, परीक्षा थोडीच आहे. फोन अजून येतात, पण आता "पाच किलोचा बॉक्स आहे का" असं विचारतात.

एक काम राहिलंय. नवीन हंगामाचे फोटो चढवायच्या आधी लहान करायला धाकट्याला शिकवायचंय, नाहीतर मार्चमध्ये पान परत जड होणार. ज्यांना शिकायचंय त्यांनी रविवारी दुपारी शेडवर या. येताना आपल्या मालाचे फोटो मोबाईलमध्ये घेऊन या. चार्जरपण आणा, शेडवर एकच आहे.