शब्दयोजना सुधारा

बारा-तेरा वर्षांपूर्वी प्रथम वर्ष कलाशाखेच्या एका विद्यार्थ्याने 'माझे घर' या विषयावरील निबंधात एक वाक्य लिहिले होते : 'आमची डुकरं मेली त्या साली आई बोलायची थांबली.' आम्ही दोघे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो. अंतर्गत मूल्यमापनाच्या वह्या एकाने तपासायच्या आणि दुसऱ्याने नजरेखालून घालायच्या, अशी आमची पद्धत. एकाने 'डुकरं' या शब्दाखाली लाल रेघ ओढली, वर 'वराह' असे लिहिले आणि समासात शेरा दिला : 'शब्दयोजना सुधारा.' दुसऱ्याने त्याखाली सही केली. वाक्याच्या उत्तरार्धाकडे दोघांचेही लक्ष गेले नाही.

त्याने पुढे लिहिलेले मात्र आम्हांला अजून आठवते. डुकरांनी खाणे सोडले, ती एकमेकांना बिलगून पडून राहिली, कान जांभळे पडले, मागचे पाय लटपटू लागले आणि पंधरवड्यात खोपटे रिकामे झाले. आज कळते की ही लक्षणे क्लासिकल स्वाइन फीवर या विषाणूजन्य रोगाशी जुळणारी आहेत. हा रोग भारतात जुना आहे आणि त्यावर लसही आहे. सशांच्या शरीरात वाढवलेल्या विषाणूपासून ती दीर्घकाळ तयार होत असे. २०२० मध्ये इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने पेशीसंवर्धनातून तयार केलेली लस पुढे आणली. त्याच वर्षी आसाम व अरुणाचल प्रदेशात आफ्रिकन स्वाइन फीवर हा निराळ्या विषाणूचा रोग देशात प्रथमच नोंदवला गेला. दोहोंची लक्षणे इतकी सारखी, की प्रयोगशाळेतील तपासणीवाचून भेद कळत नाही. आणखी एक साम्य असे, की हे दोन्ही रोग माणसाला होत नाहीत.

मग त्या आईला काय झाले होते?

हा प्रश्न आम्हांला पडायला पुष्कळ वर्षे जावी लागली, आणि तो पडला तोही आडवाटेने. 'रोजनिशी' या वाङ्मयप्रकारावर विद्यार्थ्यांसाठी टिपणे काढताना इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठाच्या मॅगी मॉर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००५ साली प्रसिद्ध झालेला एक शोधनिबंध हाती आला. विषय होता २००१ साली ब्रिटनमध्ये आलेली लाळ्या-खुरकुताची साथ. ती प्रथम लक्षात आली एसेक्समधील एका कत्तलखान्यात आणलेल्या डुकरांमध्ये. माग काढता काढता तपास नॉर्थंबरलँडमधील एका डुक्करपालनकेंद्रापर्यंत पोहोचला. तिथे खरकटे नीट न उकळता डुकरांना घातले जात होते. या रोगात डुक्कर श्वासावाटे गाईपेक्षा कितीतरी अधिक विषाणू बाहेर टाकते. पुढे गुरे आणि मेंढ्या यांच्यात रोग पसरला, साथ आवरण्यासाठी साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली आणि माळावर त्यांच्या चिता पेटल्या. सर्वांत मोठा तडाखा कंब्रिया परगण्याला बसला.

मॉर्ट यांच्या गटाने त्या परगण्यातील ५४ जणांना दर आठवड्याला रोजनिशी लिहावयास सांगितले. त्यांत शेतकरी होते, तसेच पशुवैद्यक, शेतीशी संबंधित कामगार, छोटे व्यावसायिक आणि आरोग्यसेवकही होते. अठरा महिने हे लेखन चालले. साथ सरल्यावरही वह्यांमधून आप्त गेल्यासारखे दुःख, नव्या संकटाची धास्ती आणि यंत्रणेवरून उडालेला विश्वास दिसत राहिला. आपल्याला जनावरांचे जे ज्ञान होते त्याची कुणी किंमत केली नाही, ही खंतही तीत होती. ज्यांचे एकही जनावर गेले नव्हते अशांच्या वह्यांतही हे होते. संशोधकांनी शेवटी ज्या शिफारशी केल्या त्यांत खेडोपाडी जाऊन द्यावयाची आरोग्यसेवा आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना परस्परांचा आधार यांचा समावेश होता. म्हणजे लोकांच्या साध्या, अनलंकृत लेखनातून मानसिक आरोग्यसेवेची मागणी उभी राहिली होती. ते वाचताना आम्हांला आमची लाल रेघ आठवली.

मेंढीच्या दुःखाला इंग्रजीत निदान प्रतिष्ठा आहे. मराठीत गाय मेली तर शेजारी दारात येऊन बसतात. बैलाला आपण पोळ्याला ओवाळतो. डुक्कर हा शब्द मात्र आपल्याकडे मुख्यतः शिवी म्हणून वापरला जातो. देवाचा अवतार सांगायचा असेल किंवा सरकारी योजना, तर आपण 'वराह' म्हणतो. वडार, कैकाडी अशा समाजांतील ज्या घरांची चूल या जनावरावर चालत आली, त्या घरातील बाईने दुःख कोणत्या शब्दाने सांगावे? ती 'डुकरं मेली' म्हणाली की ऐकणारा नाकाला पदर लावतो. 'वराह मृत झाले' असे कोणती आई म्हणेल?

मानसिक आरोग्याच्या कामातही गाठ शब्दांशीच पडते. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. त्याचे निष्कर्ष राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडले. गावपातळीवरील कार्यकर्ते छोट्या बैठका घेत, घरोघरी बोलत, आणि गरजेप्रमाणे माणसाला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवत. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होते, ते अठरा महिन्यांनी २७.२ टक्के झाले. हा आकडा आम्ही भाषेचे शिक्षक म्हणून वाचतो. 'तुम्हांला नैराश्य आहे काय?' या प्रश्नाला आपल्या खेड्यात उत्तर मिळणे कठीण. 'जिवाला घोर लागलाय', 'कशात मन लागत नाही', 'टेन्शन आलंय' हे शब्द ज्याला ऐकू येतात, त्याच्यापाशीच माणूस पुढचे वाक्य बोलतो. आमच्यापुढे तर पहिले वाक्य लेखी होते.

तो विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला आला नाही. गावी गेला, असे वर्गातील मुले म्हणाली. आम्ही हजेरीपटावरील त्याच्या नावापुढे रेघ मारली. चौकशी केली नाही.

गेली काही वर्षे आम्ही पहिल्या सत्रात मुलांकडून दर आठवड्याला एक पान लिहून घेतो. त्याला गुण नसतात आणि त्यावर लाल शाई चालत नाही. वाचून खाली एखादा प्रश्न तेवढा लिहितो. याने कुणाचे दुःख हलके होते असा आमचा दावा नाही. त्या वहीत लिहावयाचा प्रश्न आता आम्हांला ठाऊक आहे : आई पुन्हा बोलू लागली का? पण तो लिहावा अशी ती वही आता आमच्यापाशी नाही.