शंटिंगच्या इंजिनाची पायफळी

मेलगाड्यांच्या इंजिनांकडे सर्वांचें लक्ष जातें. परंतु यार्डांत दिवसभर मागें-पुढें करून डबे जोडणाऱ्या व सोडणाऱ्या शंटिंगच्या इंजिनाची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. रेल्वेच्या प्रतिकृति करण्याचा आमचा जो छंद आहे, त्यांत मात्र आम्हांस हेंच इंजिन अधिक प्रिय आहे.

आमच्या मेजावर जें आहे, तें अमेरिकेंतील 'एन-डब्ल्यू-टू' या डिझेल इंजिनाचें लहान रूप होय. मूळ इंजिन जनरल मोटर्सच्या कारखान्यांत १९३९ पासून १९४९ पर्यंत बांधलें गेलें. त्याची शक्ति १००० अश्वशक्ति, सिलिंडर १२ व आंस ४. त्यांतील डिझेल यंत्र चाकें स्वतः फिरवीत नाहीं. तें जनित्र फिरवितें, आणि त्या विजेवर प्रत्येक आंसाची मोटर चालते. मूळ इंजिन सुमारें ४४ फूट लांब; एकास सत्याऐंशी या प्रमाणांत तें सहा इंचांत मावतें.

हें प्रमाण मोठें कठोर आहे. मूळ कठड्याची कांब एक इंच जाड धरली, तर आमची कांब इंचाचा सत्याऐंशीवा भाग असावयास पाहिजे. प्लॅस्टिक इतकें बारीक ओतलें तर टिकत नाहीं. जाड ओतलें तर इंजिन खेळणें दिसूं लागतें. म्हणून आम्ही बारीक तार वाकवून बसवितों. धुराड्यांच्या तोंडाशीं काजळी, कपलिंगवर गंज, पायऱ्यांच्या कडांस बुटांनीं झिजलेला रंग, हेंही सावकाश चढवितों. "गाडी याविनाही धांवते, मग हा खटाटोप कशासाठीं?" असें स्नेही विचारतात.

याचें उत्तर आम्हांस इंजिनाच्या पायफळीनें दिलें. दोन्ही टोकांस, रुळांपासून थोड्याच उंचीवर, ही फळी असे. यार्डांतील सांधेवाला तिच्यावर उभा राहून जाई. सांधा आला कीं उतरे, तो बदली, आणि पुन्हां चढे. सोय मोठी खरी. पण पुढच्या फळीवरून पाय निसटला, तर माणूस चालत्या इंजिनापुढेंच पडे. या धोक्यामुळें १९७० च्या दशकांत अमेरिकेंत या फळ्या नियमानें बंद झाल्या, व चढण्यास कोपऱ्यांतील पायऱ्या राहिल्या.

आमचें यार्ड १९८० सालचें दाखवावयाचें होतें. इंजिन मात्र फळीसह आलेलें. फळी इतकी सुबक होती कीं, ती कापण्यास हात धजेना. परंतु जी वस्तु माणसांच्या जिवासाठीं काढली गेली, ती केवळ शोभेसाठीं ठेवणें आम्हांस रुचलें नाहीं. आम्ही ती कानशीनें काढिली व कोपऱ्यांत पायऱ्या बसविल्या.

वाचकहो, ज्यास १९५० सालचें यार्ड करावयाचें असेल, त्यानें ती फळी अवश्य ठेवावी. मात्र ठेवितांना तिच्यावर उभ्या राहणाऱ्याचा पाय आठवावा.