कॉम्पिटिटिव्ह म्हणजे किती?

गेल्या वीकेंडला घरी, बजाजनगरला गेलो होतो. शनिवारी सकाळी चहा पिताना बाबांनी मोबाइल पुढे केला. "हे बघ जरा. कॉम्पिटिटिव्ह रेट पाठवा म्हणतायत. कॉम्पिटिटिव्ह म्हणजे किती रे?"

बाबांचं वाळूज एमआयडीसीत छोटंसं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल, तीन माणसं. १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना इथे सुरू झाला आणि मराठवाडा, खानदेश, विदर्भातून माणसं येत राहिली. त्यातलेच बाबा. आधी नोकरी, मग स्वतःचा लेथ. आता एका कंपनीला महिन्याला आठ हजार बुश देतात. (कंपनीचं नाव नको, मलाही घरी जेवायचं असतं!)

मी इंजिनिअरच्या थाटात सांगितलं, "कॉम्पिटिटिव्ह म्हणजे स्पर्धात्मक. बाजारात टिकेल असा."

बाबा म्हणाले, "ते समजलं. आकडा सांग."

मग आम्ही कागद घेऊन बसलो. एका बुशचा रेट ११ रुपये ४० पैसे. त्यात बार ६.१०, मशीन आणि मजुरी ३.५०, प्लेटिंग बाहेरून ०.७०, टेम्पो ०.३०. म्हणजे १०.६०. उरले ८० पैसे. त्यातूनच रिजेक्शन, त्यातूनच मोडलेलं टूल, आणि पेमेंट कधी येईल ते बाप्पालाच माहीत. परचेसवाल्या पोराने फोनवर सूचना दिली होती की साडेदहापर्यंत आलात तर बघू. म्हणजे प्रत्येक नगामागे दहा पैसे घरातून घालायचे!

आता गंमत बघा. मी कंपनी बदलली तेव्हा जाहिरातीत लिहिलं होतं, कॉम्पिटिटिव्ह सॅलरी. तिथे या शब्दाचा अर्थ 'आकडा आत्ता सांगत नाही, पण कमी नाही वाटून घ्या' असा होतो. तोच शब्द विकणाऱ्याला सांगितला की 'कमी कर', नोकरी शोधणाऱ्याला सांगितला की 'भरपूर आहे, ये'. दोन्ही वेळा आकडा ठरवणारा मात्र एकच, ज्याच्या हातात पैसे आहेत तो. आणि मागच्या अप्रेझलला माझ्या फॉर्मवर शेरा होता, 'अजून कॉम्पिटिटिव्ह व्हायला हवं'. शेजारच्या डेस्कवरच्या मित्राचा बग मी दोन रात्री बसून सोडवून दिला होता, त्याबद्दल फॉर्ममध्ये रकाना नव्हता. असो.

मराठीत आपण सगळ्याला 'स्पर्धात्मक' लावून मोकळे होतो, पण बोलताना आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत की. कबड्डीचा सामना चुरशीचा होतो, स्पर्धात्मक होत नाही. माणूस ईर्षेला पेटतो. दर परवडतो किंवा परवडत नाही. बाबांच्या प्रश्नाचं खरं उत्तर या 'परवडणे'मध्ये होतं, फक्त कोणाला परवडणे ते मेलमध्ये लिहिलेलं नव्हतं.

दुपारी गंगापूर तालुक्यातून काका आले, सोबत चुलतभाऊ. काकांचा कांदा लासूर स्टेशनच्या मार्केटला जातो. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला परफेक्टली कॉम्पिटिटिव्ह मार्केट म्हणतात, त्याच्या जवळपास जाणारी जागा हीच. विकणारे इतके, की एकट्याच्या म्हणण्याने भाव हलत नाही. शेजारचा शेतकरी काकांचा प्रतिस्पर्धी आहे असं पुस्तक म्हणेल. प्रत्यक्षात दोघं एकाच पिकअपमध्ये कांदा टाकून जातात, भाडं अर्धंअर्धं! मूळ लॅटिन शब्दात आधी 'एकत्र येणे, जुळणे' असाच अर्थ होता. एकाच गोष्टीसाठी झटापट हा अर्थ मागून चिकटला.

चुलतभाऊ मात्र रुसलेला. तीन वर्षं एमपीएससी करतोय, शहरात अभ्यासिकेत दिवसाचे बारा तास. काका म्हणाले, "याला सांग काहीतरी. इतकी पोरं आहेत, कसं व्हायचं?"

काय सांगणार? मी त्याला या 'स्पर्धा परीक्षा' शब्दाची गोष्ट सांगितली. ईस्ट इंडिया कंपनीत मोठ्या नोकऱ्या संचालकांच्या शिफारशीने मिळायच्या. आपल्या भाषेत वशिला. १८५३ च्या कायद्याने ते बंद झालं, १८५४ मध्ये मेकॉलेच्या समितीने अहवाल दिला आणि १८५५ पासून लंडनमध्ये परीक्षा सुरू झाली. तिला कॉम्पिटिटिव्ह म्हणायचे ते शिफारशीच्या विरुद्ध अर्थाने. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर, म्हणजे रवींद्रनाथांचे थोरले भाऊ, ती पास झालेले पहिले भारतीय, आणि नोकरी केली ती आपल्या मुंबई इलाख्यात.

तो म्हणाला, "दादा, पण परीक्षा लंडनला. जायला पैसे कोणाकडे होते?"

बरोबर होतं त्याचं. भारतात ती परीक्षा द्यायची सोय १९२२ मध्ये झाली. तेवढी वर्षं 'सर्वांना खुली' असलेली परीक्षा बोटीच्या तिकिटाशी अडलेली होती.

"तू किती मार्कांनी राहिलास?" बाबांनी विचारलं.

"दोन."

बाबा काही बोलले नाहीत. नंतर उठून त्याला वर्कशॉपवर घेऊन गेले, मीही गेलो. शनिवार असल्याने मशीन बंद होती. बाबांनी मायक्रोमीटर त्याच्या हातात दिला आणि एक बुश मोजायला लावला. "तीन आकड्यांपर्यंत वाच." त्याने वाचला. चुकला. परत वाचला. अर्धा तास ते दोघं त्यातच रमले होते. वर्कशॉपवर ये म्हणाले असतील किंवा नसतीलही, मी विचारलं नाही.

रात्री मी मेल लिहिला. इंग्रजीत, सभ्य भाषेत. खर्चाची फोड दिली, रेट ११.४० च ठेवला. शेवटी 'हा आमचा सर्वात कॉम्पिटिटिव्ह रेट आहे' असं टाकलं. बाबांनी ती ओळ तीनदा वाचायला लावली आणि म्हणाले, "राहू दे. त्यांचाच शब्द आहे."

बुधवारी उत्तर आलं. एकच ओळ. आपला कॉम्पिटिटिव्ह रेट पुन्हा पाठवावा.

बाबांचा फोन आला, "आता हा कुठला रे?"