एक शिलिंगाचें चित्र

लंडन येथील वेस्टमिन्स्टर हॉल पाहावयास गेलेला प्रवासी बहुधा त्याच्या लांकडी छपराकडेच पाहत राहतो. चौदाव्या शतकाच्या अखेरीचें तें भव्य छप्पर, आणि मध्यें आधारास एकही खांब नाहीं! आमचें चित्त मात्र तेथें एका छापील चित्राकडे लागलें होतें. अठराव्या शतकांत वरिष्ठ न्यायासनें या हॉलांत व त्याच्या आसपास बसत. मे १७६३ मध्यें जॉन विल्क्स या पार्लमेंटच्या सभासदास येथें न्यायाधीशापुढें उभें केलें, आणि विल्यम होगार्थ या चित्रकारानें तेथेंच त्याची मुद्रा टिपून घेतली.

अपराध कोणता? पॅरिसच्या तहाची स्तुति करणाऱ्या राजाच्या भाषणावर विल्क्सनें आपल्या ‘नॉर्थ ब्रिटन’ पत्राच्या ४५ व्या अंकांत कठोर टीका केली होती. सरकारनें कोणाचेंही नांव न घालतां पकडहुकूम काढला, आणि त्यावर सुमारें पन्नास माणसें धरलीं. सरन्यायाधीश प्रॅट यांनीं पार्लमेंटच्या सभासदाचा हक्क मानून विल्क्सला सोडलें. पुढें त्याच वर्षाच्या अखेरीस असा निनांवी हुकूमच बेकायदेशीर ठरविला.

होगार्थ हा एके काळचा विल्क्सचा स्नेही व राजाच्या पदरचा चित्रकार. त्याच्या एका राजकीय चित्रावरून १७६२ सालीं विल्क्सनें १७ व्या अंकांत त्याची निर्भर्त्सना केली होती. त्याचा सूड त्यानें तांब्याच्या पत्र्यावर उगविला. मेणाचा लेप सुईनें खरवडावयाचा, मग उघड्या पडलेल्या रेषा तेजाबानें खाववावयाच्या, अशी ही कृति. चित्रांत विल्क्स खुर्चीवर बसला आहे. डोळे तिरळे, हंसणें कपटी, टोपाचे केंस शिंगांसारखे वळलेले. हातांतील काठीवर ‘लिबर्टी’ असें लिहिलेली टोपी. रोमन लोकांत दास मुक्त झाला म्हणजे त्यास टोपी मिळे. ती खूण येथें थट्टेस लावली आहे. मेजावर १७ आणि ४५ हे दोन्ही अंक! किंमत एक शिलिंग.

विल्क्स कांहीं साधुपुरुष नव्हता. त्याच्या खासगी वर्तनाविषयीं या कुटुंबांत वाचावयाच्या पृष्ठांवर न लिहिलेलेंच बरें. पण चित्राच्या सुमारें ४००० प्रती थोड्या आठवड्यांत खपल्या, आणि ज्याला विद्रूप करावयाचें त्याचाच चेहरा घरोघर ओळखीचा झाला. (त्याच वर्षीं ऑगस्टांत राक्षसभुवनीं थोरल्या माधवरावांनीं निजामास हरविलें, त्यांची तसबीर अशी बाजारांत मिळण्याची सोय आपल्याकडे नव्हती.) आपण दिवसेंदिवस त्या चित्रासारखे दिसूं लागलों आहों, असें विल्क्स पुढें हंसत म्हणे, अशी आख्यायिका आहे. होगार्थ १७६४ मध्यें वारला. विल्क्स १७७४ सालीं लंडनचा लॉर्ड मेयर झाला.

तेथून आम्ही फेटर लेनमध्यें गेलों. तेथें १९८८ सालीं उभारलेला विल्क्सचा ब्राँझचा पुतळा आहे. मूर्तिकारानें डोळे तिरळेच ठेवले आहेत.