मालदीव : मशिदीच्या भिंतीतला समुद्र

साठ वर्षे रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काढलेल्या आमच्या अम्मी घोट्यापुढे कधी पाण्यात गेल्या नव्हत्या. "समुद्र बघायचा असतो, त्यात शिरायचं नसतं," हे त्यांचे नेहमीचे वाक्य. मुलांच्या हट्टापायी मालदीवला जायचे ठरले, तेव्हाही त्यांनी आधीच सांगून टाकले, "मी काठावर तसबीह घेऊन बसेन."

मुंबईहून विमानाने तीन तासांच्या आत आम्ही पोहोचलो. विमानतळ एका बेटावर, राजधानी माले दुसऱ्या बेटावर. मध्ये 2018 साली झालेला पूल. देश सुमारे बाराशे छोट्या बेटांचा आणि सारा मुस्लिम. त्यामुळे जेवण हलाल आहे का, हे विचारावे लागत नाही. सकाळी टूना मासा, खोबरे आणि कांदा यांचे मास हुनी रोशीबरोबर खाल्ले. रोशी म्हणजे आपली चपातीच! कोकणी जिभेला ते परके वाटलेच नाही.

मालेत प्रथम हुकुरू मिस्की, म्हणजे जुमा मशीद, पाहिली. सुलतान इब्राहीम इस्कंदर पहिले यांनी ती 1658 मध्ये बांधली. त्याआधीही इथे मशीद होती. चौदाव्या शतकात इब्न बतूता या बेटांवर येऊन काझी झाले होते. मशिदीच्या भिंतींवर बारीक नक्षी आहे. अम्मींनी हात फिरवून विचारले, "हा कुठला दगड?" दगड नव्हे, ते समुद्रातले प्रवाळ! ओले असताना ते मऊ असते, म्हणून कापता-कोरता येते; वाळले की घट्ट होते. त्याचे ठोकळे एकमेकांत खाचांनी बसवले आहेत. इमारतीचे तोंड पश्चिमेला, पण किब्ला वायव्येला. त्यामुळे आत नमाजाच्या सफा तिरप्या असतात.

दुसऱ्या दिवशी स्पीडबोटीने माफुशीला गेलो. ही स्थानिक लोकवस्तीची बेटे आपल्या कुटुंबांना सोयीची. इथे दारू मिळत नाही, गेस्टहाउस रिसॉर्टपेक्षा स्वस्त आणि अजान ऐकू येते. जुम्याच्या वेळी मात्र दुकाने बंद असतात.

किनाऱ्यावर अम्मींनी पाहिले, तिथल्या बायका पूर्ण कपड्यांत, डोक्यावर ओढणी ठेवून, मुलाबाळांसह पाण्यात डुंबत होत्या. त्यांच्याच वयाची एक बाई हसून हाताने बोलवत होती. थोड्या वेळाने अम्मींनी तसबीह सुनेच्या हाती दिली.

लाईफ जॅकेट, डोळ्यांवर काचेचा मुखवटा, तोंडात श्वास घ्यायची नळी. एका बाजूला वाटाड्या, दुसऱ्या बाजूला आम्ही. "बिस्मिल्लाह" म्हणून त्यांनी तोंड पाण्यात घातले. बराच वेळ त्या वर आल्याच नाहीत. आल्या तेव्हा नळी काढून म्हणाल्या, "अरे, तो मशिदीचा दगड इथे जिवंत आहे!"

वाटाड्याने सुरुवातीलाच बजावले होते : प्रवाळावर पाय ठेवू नका, हात लावू नका. पुढे त्याने पांढरेफटक पडलेले भाग दाखवले. पाणी फार तापले की प्रवाळ रंग गमावते आणि पुष्कळदा मरते. 1998 आणि 2016 मध्ये इथे असे मोठ्या प्रमाणावर झाले. ही बेटे समुद्रापासून जेमतेम दीड-दोन मीटर उंच. त्यांची वाळू प्रवाळाची आणि लाटांना अडवणारी भिंतही प्रवाळाचीच. ती गेली तर गावे कशावर उभी राहणार?

त्या रात्री मुले बोडुबेरूच्या ढोलांवर ताल धरत होती. अम्मी मात्र गप्प होत्या. मग म्हणाल्या, "अल्लाहची अमानत आहे ही. आपण नुसती तुडवतो."

परत आल्यावर कुणीतरी त्यांना सांगितले की, मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासही प्रवाळ आहे आणि तिथेही पाण्यात उतरता येते. अम्मींनी लगेच विचारले, "मग सुट्टी कधी आहे तुम्हा लोकांना?"